पोरगं डॉल्बीच्या नादाला लागलंय

ताई, नमस्कार.

मी मंगळवार पेठेत राहतो. वय 59. साखर कारखान्यात स्टोअरकीपर होतो, आता निवृत्त आहे. घरात एक वाद पेटलाय, तो तुमच्यापुढं मांडतो.

मला गाणं ऐकायचा आणि ते ऐकवणाऱ्या यंत्रांचा नाद आहे. तो लावला थोरल्या मामांनी. शाहूपुरीत त्यांच्या माडीवर गॅरार्डचा रेकॉर्ड प्लेअर, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि सागवानी पेटीतला स्पीकर होता. मी तिसरी-चौथीत असेन. मामांनी मला स्टुलावर उभं केलं, माझं बोट आर्मखाली धरलं आणि म्हणाले, ‘टेकव. घाबरू नकोस.’ सुई घसरली आणि गायिका केसरबाई केरकरांच्या तबकडीवर चरा पडला. मामा नुसते हसले. तो ॲम्प्लिफायर बांधला होता लक्ष्मीपुरीतल्या एका रेडिओ मेस्त्रींनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या दुकानात पडून असायचो. चहा आणायचा, दुकान झाडायचं, आणि त्या बदल्यात संध्याकाळी एखादा जोड सोल्डर करायला मिळायचा.

मामा गेल्यावर सगळं माझ्याकडं आलं. पगारातून पैसे वाचवून मी त्यात दोन स्पीकर, कॅसेट डेक, पुढं सीडी प्लेअर अशी भर घातली. समोरच्या खोलीत काचेचं कपाट करून घेतलंय, किल्ली माझ्याकडं. कुणाला हात लावू देत नाही, कारण एकदा बिघडलं की पार्ट मिळत नाहीत.

मुलगा 21 वर्षांचा आहे, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. दोन विषय राहिलेत. त्याला या कपाटाची काही किंमत नाही. तो उचगावच्या एका डॉल्बीवाल्याच्या गोडाऊनमध्ये पडून असतो. मिरवणुकीच्या दिवसांत पहाटे घरी येतो, दोन-दोन दिवस त्याला हाक ऐकू येत नाही. आता त्या डॉल्बीत पार्टनर व्हायला दीड लाख मागतोय. रागाच्या भरात मी म्हणालो, सगळंच विकून टाकतो, मुंबईचा एक व्यापारी मागं लागलाच आहे. त्यावर मिसेस म्हणाल्या, ‘विका. त्या कपाटातनं माझ्या आवडीचं एक गाणं कधी वाजलेलं मला आठवत नाही.’

मला मामा भेटले, मेस्त्री भेटले. या पोराला असा माणूस का भेटू नये? मी काय करू?

– एक वाचक, कोल्हापूर

दादा,

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी शेजारी शेजारी लिहून ठेवलीत. एक मामांचं, ‘टेकव. घाबरू नकोस.’ दुसरं तुमचं, ‘कुणाला हात लावू देत नाही.’ घरातला वाद इथंच सुरू झालाय. डॉल्बी बरीच नंतर आली.

पोराला असा माणूस का भेटला नाही, असं विचारताय. भेटलाय की. उचगावच्या गोडाऊनमध्ये भेटलाय. तिथं त्याला कुणीतरी वायरची गुंडाळी दिली, पाना दिला, बेसची पेटी उलटी करून आतला कोन, म्हणजे स्पीकरचा पडदा, दाखवला. चहा आणायला पाठवलं असेल आणि रात्री एखादा जोड सोल्डर करायला दिला असेल. तुम्ही ज्या दुकानात झाडू मारलात, तसल्याच दुकानात तो झाडू मारतोय. त्या माणसाचा धंदा तुम्हाला पटत नाही, हे मला समजतं. पण पोरगं त्याच्याकडं का गेलं हे समजायला तुमच्याच लहानपणाकडं बघा. मामांकडं कपाट असतं आणि किल्ली त्यांच्या कडदोऱ्याला असती, तर तुम्ही आज क्रिकेटच्या किंवा कबुतरांच्या नादाला लागला असता.

यंत्रांचा नाद यंत्राकडं बघून कुणाला लागत नाही, तो माणसामार्फत लागतो. आमच्या कोल्हापूरला हे नव्यानं सांगायला नको. बाबूराव पेंटर पडदे रंगवणारे गृहस्थ, त्यांनी आणि त्यांच्या बंधूंनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा घाट घातला. हे बंधू, आनंदराव, मधेच वारले, तरी बाबूरावांनी 1918 च्या सुमारास तो पुरा केला. आणि त्यांच्या हाताखालची पोरं पुढं ‘प्रभात’ फिल्म कंपनी काढून बसली, कारण बाबूरावांनी कॅमेऱ्याला कुलूप लावलं नव्हतं. उद्यमनगरात आजही लेथवर उभा असलेला माणूस कुणाच्या हाताखाली तयार झाला ते विचारा, तो कॉलेजचं नाव सांगत नाही, मेस्त्रीचं नाव सांगतो.

तुमच्या छंदातल्या मोठ्या माणसाचीच गोष्ट घ्या. अमर बोस. स्पीकरवरचं नाव म्हणून तुम्हाला माहीतच असेल. वडील बंगालचे, इंग्रजांविरुद्धच्या चळवळीपायी देश सोडून अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेलेले. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा आयातीचा धंदा बसला, तेव्हा शाळकरी अमर घराच्या तळघरात लोकांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करायला लागला आणि घरखर्चाला हातभार लावायला लागला. बापानं पोराच्या हाती लोकांचे रेडिओ दिले, याला धाडस लागतं. पुढं 1956 मध्ये एमआयटीत असताना त्यानं स्वतःसाठी चांगला म्हणून एक स्टिरिओ आणला. कागदावरची मापं उत्तम, आवाज मात्र निराशा करणारा. असं का, हे शोधता शोधता 1964 मध्ये कंपनी निघाली.

आता केसरबाईंबद्दल. त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब आपल्या शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, त्यामुळं तुमच्या मामांना त्यांचा अभिमान वाटणं साहजिक होतं. 1977 मध्ये नासानं ‘व्हॉयेजर’ यानांवर ज्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या, त्यात केसरबाईंचा आवाज आहे, हेही तुम्हाला ठाऊक असेल. पण एक बारीक गोष्ट लोक विसरतात. त्या तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुईसुद्धा पाठवली आहे, आणि ती कशी लावायची याच्या खुणा वेष्टणावर कोरल्या आहेत. कोण जाणे कुठल्या ग्रहावरचा कोण, त्याच्या हातात सुई द्यायला ते तयार झाले. आणि मंगळवार पेठेत स्वतःच्या पोराला किल्ली मिळत नाही! रागावू नका, पण हे लिहिल्याशिवाय मला राहवेना.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मला डॉल्बीवाल्यांची वकील म्हणाल. मिरवणुकीतल्या त्या स्पीकरच्या भिंतीचा मला तिटकारा आहे. खिडकीच्या काचा थरथरतात, म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून आत जाऊन बसतात, आणि पुढं उभं असलेल्या लेकरांच्या कानांचं काय होतंय याचा विचार कुणी करत नाही. कायदाही साफ आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि सणासुदीला राज्य सरकार वर्षातून 15 दिवसांपर्यंत रात्री 12 पर्यंतची सवलत देऊ शकतं. ही मर्यादा मोडली की गुन्हा मंडळावर आणि साऊंडवाल्यावर, दोघांवर दाखल होतो. पार्टनर म्हणजे त्या गुन्ह्यातही पार्टनर.

पण तिटकारा आवाजाच्या पातळीचा आहे, त्यामागच्या विद्येचा नाही. तुम्ही स्वतः या विद्येतले आहात, तेव्हा एकदा त्या गोडाऊनमध्ये जाऊन वरच्या पेट्या, ज्यांना पोरं टॉप म्हणतात, त्या नीट बघा. आतला पडदा लहान, आणि पुढं रुंदावत गेलेलं तोंड. हा ग्रामोफोनचा भोंगाच आहे. लहान पडद्याला मोकळी हवा हलवणं जड जातं, भोंगा ती ताकद पायरीपायरीनं हवेत उतरवतो, म्हणून कमी वॅटमध्ये जास्त आवाज निघतो. हेच तत्त्व घेऊन अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी 1946 मध्ये घराच्या कोपऱ्यात बसणारा भोंग्याचा स्पीकर बाजारात आणला, आणि शौकीन मंडळी आजही त्याला हात जोडतात. तुमच्या मामांच्या पिढीनं चावीच्या फोनोवर जे ऐकलं, तेच पोरगं आज ट्रॅक्टरवर चढवतंय. त्याला हे कुणी सांगितलं नसेल. तुम्ही सांगा. वडील म्हणून सांगू नका, मेस्त्रींच्या दुकानातला पोरगा म्हणून सांगा.

आणि डॉल्बी म्हणजे कोण, हेही सांगा. तुमच्या कॅसेट डेकवर ‘डॉल्बी एनआर’ असं बटण असेल. रे डॉल्बी हे अमेरिकन इंजिनिअर 1960 च्या दशकात दोन वर्षं आपल्या देशात होते, युनेस्कोचे सल्लागार म्हणून, चंदीगडला. त्या काळात त्यांनी इथल्या कलावंतांचं गाणं-वाजवणं टेपवर घेतलं. टेपची खरखर, तो ‘स्स्स्’ आवाज, कसा घालवावा याचा विचार त्यांच्या डोक्यात तेव्हा घोळत होता. 1965 मध्ये लंडनला जाऊन त्यांनी कंपनी काढली. युक्ती अशी की रेकॉर्ड करताना हळू वाजणारे बारीक स्वर मुद्दाम वर उचलायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे. स्वर जागेवर येतात, खरखर मात्र दबते. घरगुती कॅसेटवर ती दहाएक डेसिबलनं कमी व्हायची. तानपुऱ्याचा झंकार विरताना शेवटपर्यंत ऐकू यावा म्हणून झटलेल्या माणसाचं नाव आमच्या गल्लीत कशाला चिकटलं, ते आपण सगळे बघतोच आहोत.

आता कामाचं. कपाटाची किल्ली त्याच्या हातात द्या. भाषण नको. डेकची डागडुजी काढा आणि म्हणा, ‘मला एकट्याला जमत नाही, जरा ये.’ हे खोटंही नाही. डेकमध्ये टेप वाचणारं हेड असतं, त्याच्याशेजारी एक बारीक स्क्रू असतो, हेड टेपला बरोबर काटकोनात बसवायला. तो इकडचा तिकडं झाला की गाण्यावर घोंगडी टाकल्यासारखं वाटतं. जुन्या मेस्त्रींची रीत अशी, की ओळखीची कॅसेट लावायची, स्क्रू केसभर फिरवायचा आणि ज्या जागी मंजिऱ्या, तंबोऱ्याच्या तारा, ‘स’ आणि ‘श’ सगळ्यात लख्ख ऐकू येतील तिथं थांबायचं. आता साठीच्या कानाला वरचे बारीक स्वर ऐकू येत नाहीत. 12 किलोहर्ट्झच्या पुढं बहुतेकांचा कारभार आटोपलेला असतो. एकविसाव्या वर्षाचा कान ते ऐकू शकतो, अजून शाबूत असेल तर. तेव्हा स्क्रू त्याला फिरवू द्या आणि तो थांबला की तुम्ही थांबा. तुम्हाला फरक कळला नाही तरी त्याचं ऐका.

रेकॉर्ड प्लेअर बरीच वर्षं उभा असेल तर आतल्या रबरी चाकाला एका जागी खड्डा पडलेला असतो, वाजवताना ‘धब् धब्’ ऐकू येतं. ते चाक काढून स्पिरिटनं पुसणं, स्पिंडलमधलं घट्ट झालेलं ग्रीस काढून तेलाचा थेंब सोडणं, ही त्याच्या हाताची कामं. सुई मात्र नवीन घ्या. त्या काळच्या बऱ्याच प्लेअरच्या डोक्याला एक छोटी खटकी असते, एका बाजूला एलपीची सुई आणि दुसऱ्या बाजूला 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांची. 78 च्या खाचा रुंद असतात; त्यात एलपीची बारीक सुई तळाशी जाऊन घासते, आणि उलट केलंत तर जाड सुई एलपीची वाट लावते. केसरबाईंच्या बऱ्याच तबकड्या 78 च्या आहेत, तेव्हा खटकी कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा.

ॲम्प्लिफायरबद्दल मात्र मी कडक आहे. थेट प्लगमध्ये घालून चालू करू नका, तुम्ही नको आणि पोरानंही नको. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि बंद केल्यावरही तो मोठ्या कंडेन्सरमध्ये दबा धरून बसलेला असतो. मिरवणुकीच्या साऊंडवर काम केलंय म्हणून पोरगं बेधडक हात घालेल, तिथंच घात होतो. मेस्त्रींच्या दुकानात सिरीज बोर्ड बघितला असेल तुम्ही, मधे 100 वॅटचा पिवळा बल्ब जोडलेला. तो बोर्ड दोघांनी मिळून बनवा. बल्ब आधी पेटून मग मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटूनच राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. जुने फिल्टर कंडेन्सर वाळलेले असणार, ते बदलावेच लागतील, आणि त्या कामाला व्हॉल्व्हची सवय असलेला कारागीर बोलवा. पोराला त्याच्या शेजारी बसवा. स्पीकर जोडल्याशिवाय हा ॲम्प्लिफायर कधी चालवायचा नाही, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो परत कुणी बांधून देईल याची खात्री नाही. हे मेस्त्री तुम्हाला सांगून गेले असतील. तुम्ही पोराला सांगितलंय का?

मग एक दिवस तुम्ही त्याच्याकडं जा. मिरवणूक नसलेल्या दिवशी, दुपारी, गोडाऊनमध्ये. एखादा हलगीवाला बरोबर न्या. आमच्याकडं तालमी आहेत तिथं हलगी वाजवणारा मिळतोच. त्याला पाच मिनिटं समोर वाजवू द्या, तेच मुलानं रेकॉर्ड करावं, आणि मग त्या भिंतीवर, खऱ्या हलगीइतक्याच आवाजात वाजवून बघावं. ही काही माझी कल्पना नव्हे. व्हार्फडेल स्पीकरचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी 1954 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये हजारो माणसं बसवून हेच केलं होतं, आधी वादक वाजवणार, मग रेकॉर्ड वाजणार, आणि श्रोत्यांनी ठरवायचं. तुमच्या गोडाऊनमध्ये काय होईल ते सांगू? कातड्यावरचा पहिला फटका कदाचित तुमच्या सागवानी पेटीपेक्षा त्या भिंतीवर जास्त खरा वाटेल, कारण मोठे कोन आणि भोंगे तेवढ्या आवाजाला घामसुद्धा गाळत नाहीत. हे तुम्हाला मान्य करावं लागेल. मग केसरबाई लावा, आणि आलाप तिथं कसा उघडाबोडका पडतो ते त्याला ऐकू द्या. दोघांच्याही वाट्याला थोडी थोडी हार येईल, आणि जेवायला बसल्यावर बोलायला विषय मिळेल.

दीड लाख द्यायचे नाहीत. यावर मी दुसरं काही ऐकणार नाही. हा धंदा वर्षातले थोडे दिवस चालतो, जनरेटर-ट्रॅक्टर-हमालीचा खर्च मोठा, सामानाची फॅशन दर हंगामाला बदलते, आणि वर गुन्ह्यांचं लचांड. पण ‘नाही’ म्हणताना हिशेब मांडून म्हणा. तो म्हणणार, आणखी ॲम्प्लिफायर घेतले की आवाज डबल. होत नाही. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त 3 डेसिबल, कानाला जेमतेम कळतात. कानाला दुप्पट वाटायचं तर दहापट वॅट लागतात. म्हणजे दीड लाखाचा माल आणून शेजारच्या मंडळाच्या पोराला फरकही कळणार नाही. डिप्लोमाच्या पोराला हे गणित पटेल, आणि पटलं नाही तर राहिलेल्या दोन विषयांत हेच आहे का बघा.

त्याऐवजी सांगा, की आधी विषय सोडव, मग या विद्येचा पैसा जिथं नियमित मिळतो ती दारं बघू. नाटकाचा साऊंड, सभागृहांचं काम, स्टुडिओ, चित्रपटाचं ध्वनिमुद्रण. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचा अभ्यासक्रम आहे, त्याला पदवी लागते. 2009 मध्ये ज्यांना ऑस्कर मिळालं ते रसूल पूकुट्टी तिथलेच. तोवर गोडाऊनमध्ये जायला बंदी घालू नका. बंदी घातली तर तो खोटं बोलून जाईल, एवढाच फरक पडेल.

बंदी घालायची तर उघड्या कानांवर घाला. ‘दोन-दोन दिवस हाक ऐकू येत नाही’ हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहून पुढं गेलात, मला त्या ओळीवर थांबावं लागलं. दादा, ते दुखणं आहे. 85 डेसिबल आवाजात 8 तास काम करता येतं, ही साधारण मानलेली मर्यादा. पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, आणि 100 ला फक्त 15 मिनिटं. डॉल्बीच्या पुढ्यात 100 कधीच ओलांडलेले असतात, आणि पोरगं तिथं रात्रभर उभं असतं. कान गच्च होणं, आत शिट्टी वाजणं, ही आतल्या बारीक केसपेशींची हाकाटी असते. सुरुवातीला त्या सावरतात. वारंवार झालं की मरतात, आणि माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. पहिला घाव बसतो 4 किलोहर्ट्झच्या आसपास, जिथं बोलण्यातली व्यंजनं असतात. माणूस ‘ऐकू येतंय’ म्हणत राहतो, पण काय म्हणाले ते कळत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, नीट पिळून आत बसवले तर वीसएक डेसिबल खाली आणतात. डॉल्बीच्या मालकाला स्वतः भेटून सांगा, की पोरगं प्लगशिवाय साऊंडपुढं दिसता कामा नये. चांगला कान असलेला पोरगा त्यालाही हवाच आहे, तो ऐकेल.

व्यापाऱ्याला तूर्त नकार कळवा. रागात विकलेल्या वस्तूला भाव येत नाही. आणि पुढंमागं खरंच विकायची वेळ आली, तर सगळं दुरुस्त होऊन चालू स्थितीत असू द्या, तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, नाहीतर वाकतात.

वहिनींचं वाक्य तुम्ही पत्रात जसंच्या तसं लिहिलंत, यावरून ते लागलंय असं दिसतं. लागायलाच हवं. तुमच्या मामांनी तुम्हाला ऐकायला शिकवलं, पण त्या माडीवर मामींच्या पसंतीचं कधी काही लागलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. या छंदात पुरुषमाणसं खोली अडवून बसतात, बायकांनी फक्त धूळ पुसायची, आणि तुम्ही तर फडकंही त्यांच्या हाती दिलेलं नसणार. त्यांना भावगीतं आवडत असतील, लावणी आवडत असेल, सुधीर फडके आवडत असतील. फडके तर जन्मानं कोल्हापूरचेच. विचारा. ती तबकडी किंवा सीडी घरात नसेल तर आणा. डेक, प्लेअर, ॲम्प्लिफायर सगळं चालू झालं, की पहिलं काय लावायचं ते त्यांनी ठरवावं, तुम्ही नाही आणि मुलानंही नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं ऑडिओग्राम करून घ्या, तुमचा आणि मुलाचा एकाच दिवशी, म्हणजे तो ‘मलाच कशाला’ म्हणणार नाही. गणपतीच्या आधीची तारीख घ्या.